एक चित्र, अनेक यंत्रे

(व्याख्यानाचा मजकूर)

‘बाहुबली’ या चित्रपटाचा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील नायक ज्या अजस्र जलप्रपाताशी झुंजत वर चढतो, त्या प्रपातातील फारच थोडे पाणी खरोखरीचे ओले होते. उरलेले पाणी हैदराबाद शहरातच, मकुटा व्हीएफएक्स या संस्थेच्या संगणकांनी गणित करून निर्माण केलेले होते. याच संस्थेला त्यापूर्वी ‘ईगा’ या २०१२ मधील तेलुगू चित्रपटातील माशीच्या करामतींसाठी विशेष दृश्यपरिणामांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. प्रेक्षकाला पडद्यावर पाणी दिसते, माशी दिसते. जाणत्याला त्यामागील चित्रकाराचे कौशल्यही दिसते. मात्र ते चित्र पडद्यावर येण्यापूर्वी बंद खोल्यांतून रात्रभर जागणाऱ्या यंत्रांची आणि त्या यंत्रांना जागते ठेवणाऱ्या माणसांची कामगिरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तीच कामगिरी हा आहे. एका दृश्याचे गणित अनेक संगणकांत कसे वाटून दिले जाते, ही वाटणी कोठे फसते आणि फसली असता दोष कसा हुडकून काढतात, याचा येथे विचार करावयाचा आहे. शंभर वर्षे पुस्तकांची देवघेव सांभाळणाऱ्या संस्थेच्या सभासदांना हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. तथापि त्यातील मुख्य अडचण ग्रंथपालाच्या चांगल्या परिचयाची आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

संगणकावर दृश्य रचणारा कलावंत प्रथम वस्तूंचे आकार घडवितो, त्यांच्या पृष्ठभागांना दगडाचे, लाकडाचे वा कातडीचे रूप देतो, दिवे मांडतो आणि कॅमेरा कोठे उभा आहे ते ठरवितो. येथवर चित्र तयार नसते; तयार असते ती केवळ चित्राची सामग्री. त्या कॅमेऱ्यातून पाहता प्रत्येक ठिपक्याचा रंग कोणता दिसेल, दिव्याचा किरण कोणत्या भिंतीवरून उडून कोणत्या पाण्यात शिरेल, याचा हिशेब संगणकाने करावयाचा असतो. या हिशेबालाच रेंडरिंग म्हणतात. १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच अशा एका चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यासाठी शेकडो किरणांचा पाठपुरावा करावा लागतो. चित्रपटात एका सेकंदाला अशी २४ चित्रे, म्हणजे फ्रेम, लागतात. दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविताना ठरावीक वेळाने एकेक फ्रेम टिपली होती. तेथे वाट पाहावी लागली ती रोपाची. येथे वाट पाहावी लागते ती यंत्राची. एक फ्रेम पूर्ण होण्यास दोन तास लागतात असे धरले, तर दहा सेकंदांच्या दृश्याच्या २४० फ्रेमना ४८० तास, म्हणजे अहोरात्र वीस दिवस लागतील. दहा सेकंद म्हणजे प्रेक्षकाने खुर्चीत कूस बदलण्याइतका अवधी!

यावरचा उपाय कोणाही शेतकऱ्याला सुचेल असा आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत इर्जिक नावाची रीत होती. एकाच्या शेतात गावातील अनेकांनी आपापली बैलजोडी घेऊन उतरावयाचे आणि आठवड्याची नांगरट एका दिवसात उरकावयाची. इंग्रजी भाषेतही अशा संगणकसमूहाला ‘रेंडर फार्म’ असेच शेताचे नाव पडले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. १९९५ मध्ये प्रदर्शित झालेला पिक्सारचा ‘टॉय स्टोरी’ हा पूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याच्या १,१४,२४० फ्रेमसाठी सुमारे आठ लाख यंत्र-तास खर्ची पडले आणि हे काम सन कंपनीच्या ११७ संगणकांनी मिळून केले. एकाच संगणकावर सारा भार टाकला असता तर नव्वदांहून अधिक वर्षे लागली असती. बालप्रेक्षकांची पणतवंडे तो चित्रपट पाहती!

अनेक लहान यंत्रांकडून एक मोठे काम करवून घेण्याची कल्पना मराठी वाचकाला अगदीच नवीन नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो याच तत्त्वावर. त्यात एकच बलाढ्य मेंदू नव्हता. परस्परांशी जोडलेले ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक लहान मेंदू होते. सिकंदराबाद-हैदराबादकडेही संगणकाची परंपरा बरीच जुनी आहे. ईसीआयएल ही सरकारी संस्था १९६७ पासून येथे आहे आणि टीडीसी मालिकेतील देशी संगणक तिनेच बाजारात आणले. दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय १९६६ पासून सिकंदराबादेत आहे. रेल्वेच्या आरक्षणासाठी देशभरातील केंद्रे परस्परांशी जोडणारी ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली १९९४ मध्ये प्रथम सुरू झाली, तीही सिकंदराबादच्या केंद्रात. १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एका जाळ्यात आली.

आरक्षणाचे जाळे आणि रेंडरिंगचे जाळे यांतील भेद येथे स्पष्ट करणे अगत्याचे आहे. आरक्षणात एकच बर्थ दोन प्रवाशांना जाऊ नये म्हणून प्रत्येक खिडकीला दर क्षणी इतर सर्व खिडक्यांची खबर असावी लागते. रेंडरिंगमध्ये सत्तराव्या फ्रेमचे गणित करणाऱ्या संगणकाला एकाहत्तराव्या फ्रेमची काडीमात्र फिकीर नसते. एकच फ्रेम चुकून दोघांनी काढली तरी वाया जाते ती वीज. म्हणून हे काम कागदावर फार सोपे दिसते. वीस संगणक जोडावे आणि वीस दिवसांचे काम एका दिवसात करावे, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब नवखा माणूस मांडतो. पहिल्याच रात्री तो हिशेब मोडतो. आणि मोडण्याचे कारण संगणक कमी वेगवान असणे हे क्वचितच असते.

मांडणी अशी असते. एक संगणक मुकादम होतो. त्याच्याकडे कामाची यादी असते. कोणते यंत्र रिकामे आहे ते पाहून तो एकेक फ्रेम हाती देत जातो. बाकीचे संगणक राबणारे. तिसरी एक खिडकी नुसती देखरेखीची, जिच्यातून कोणी किती केले ते दिसते. थ्रीडीएस मॅक्स या आज्ञावलीबरोबर अनेक वर्षे मिळत असलेल्या बॅकबर्नर या साधनात हे तिन्ही भाग स्वतंत्र होते आणि त्यांच्या नावांनी नवशिक्यांची हमखास फसगत होई. इतरत्र सर्व्हर म्हणजे सेवा पुरविणारे मध्यवर्ती यंत्र. बॅकबर्नरमध्ये मात्र सर्व्हर म्हणजे राबणारा गडी. वास्तुरचनाकारांना पुष्कळदा चलच्चित्र नको असते. एकच मोठे स्थिर चित्र हवे असते. अशा वेळी फ्रेम वाटता येत नाहीत. त्यासाठी बल्गेरियातील सोफिया येथे तयार झालेल्या व्ही-रे या आज्ञावलीत एकाच चित्राचे लहान लहान चौकोन पाडून ते निरनिराळ्या यंत्रांना देण्याची सोय आहे. पहिल्या पद्धतीत यंत्रांची वाट स्वतंत्र असते. दुसरीत सर्वांना एकाच ताटात जेवावयाचे असते, त्यामुळे मतभेद लवकर उघडकीस येतात.

आता मुख्य अडचण. कलावंत आपल्या टेबलावरच्या संगणकात दृश्य रचतो. भिंतीच्या विटांचे छायाचित्र त्याने आपल्या ‘डी’ डिस्कवरील एका फोल्डरमध्ये ठेवलेले असते. दृश्याच्या फाइलमध्ये ते छायाचित्र नसते. ते कोठे आहे त्याचा केवळ पत्ता असतो. ही फाइल दुसऱ्या संगणकाकडे गेली की तो आज्ञाधारकपणे स्वतःची ‘डी’ डिस्क उघडतो. तेथे विटा नसतात. ग्रंथालयात कोणी पुस्तकाचा पत्ता ‘माझ्या डाव्या हाताचे कपाट, वरून दुसरा कप्पा’ असा लिहून ठेवला, तर तो माणूस जागेवरून उठताच पत्ता निरर्थक होतो. म्हणूनच पुस्तकाला दाखल क्रमांक आणि वर्गांक असतो. तो कोण विचारतो यावर अवलंबून नसतो. जाळ्यातील संगणकांनाही असा सर्वांना सारखाच लागू पडणारा पत्ता द्यावा लागतो. सामग्री ज्या यंत्रात आहे त्या यंत्राच्या नावापासून त्याची सुरुवात व्हावी लागते. काही ठिकाणी मध्यवर्ती साठ्याला प्रत्येक संगणकावर एकच अक्षर, समजा ‘झेड’, देऊन काम भागवितात. ते चालते, परंतु एखाद्या यंत्रावर ते अक्षर पेन ड्राइव्हने आधीच बळकावलेले असले, की तेवढे एक यंत्र वाट चुकते.

सामग्री सापडली नाही म्हणून संगणकाने काम थांबविले, तर ते भाग्यच समजावे. खरी हानी होते ती तो थांबत नाही तेव्हा. विटा सापडल्या नाहीत, तर सूचनेची एक ओळ नोंदवहीत टाकून तो भिंत कोरी काढतो आणि फ्रेम पूर्ण झाली असे मुकादमाला कळवितो. मुकादम फ्रेम पाहत नाही. तो फक्त मोजतो. सकाळी २४० पैकी २४० फ्रेम तयार असतात. चलच्चित्र सुरू केल्यावर भिंत मधूनच पांढरी होऊन क्षणात पूर्ववत होते, पुन्हा पांढरी होते. दहा यंत्रांतील एकाने ही चूक केलेली असली, तर सुमारे चोवीस फ्रेम बाद झाल्या. आणि त्या सलग नसून रात्रभरच्या कामात विखुरलेल्या असतात. तेलुगू वा मराठी शीर्षकांच्या बाबतीत हीच गोष्ट निराळ्या रूपाने अनुभवास येते. कलावंताच्या संगणकावर असलेला देवनागरी टंक इतर यंत्रांवर घातलेला नसेल, तर त्या यंत्रांनी काढलेल्या फ्रेममध्ये अक्षरांच्या जागी चौकोनी डबे उमटतात. आज्ञावलीची आवृत्ती एका यंत्रावर जुनी राहिली, तर तीच भिंत किंचित निराळ्या प्रकाशात दिसते. एकेकटी फ्रेम निर्दोष वाटते. एकामागून एक पाहिल्यावर दिवा लुकलुकल्याचा भास होतो. शंभर यंत्रांच्या बळापेक्षा त्या शंभरांनी एकाच नावाने एकच वस्तू ओळखावी, हे घडवून आणणे कितीतरी कष्टाचे आहे. या क्षेत्रातील सर्वांत दुर्लक्षित श्रम हेच होत.

दुसरे एक कोडे या व्यवसायातल्या जवळजवळ प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडते. तंत्रज्ञ राबणाऱ्या संगणकापुढे बसून मध्यवर्ती साठा उघडून पाहतो. सर्व फाइली व्यवस्थित दिसतात. तो उठून जातो आणि त्याच संगणकाला त्याच फाइली सापडेनाशा होतात. भुताटकी वाटावी असा हा प्रकार आहे. उलगडा मात्र साधा असतो. माणूस स्वतःच्या नावाने आत शिरलेला असतो, त्याच्या नावाला साठ्याची परवानगी असते. रेंडरिंगची आज्ञावली पडद्याआड सेवा म्हणून चालते ती यंत्राच्या अंतर्गत नावाने, आणि त्या नावाला शेजारच्या यंत्राचे दार उघडत नाही. दोघे एकाच खुर्चीत बसलेले असले तरी द्वारपालाच्या लेखी दोन निराळ्या व्यक्ती असतात. अशा कामासाठी एक स्वतंत्र सदस्यनाव काढून, त्याला साठ्याची परवानगी देऊन, सर्व यंत्रांवरील सेवा त्याच नावाने चालविणे हा उपाय होय.

अकराव्या संगणकाची गोष्टही अशीच आहे. लहान स्टुडिओमध्ये स्वतंत्र सर्व्हर घेण्याचा खर्च टाळण्यासाठी विंडोज एक्सपी प्रोफेशनल असलेल्या एखाद्या साध्या संगणकातच सामायिक साठा ठेवीत असत. दहा यंत्रे जोडेपर्यंत सारे सुरळीत चाले. अकरावे जोडले की कोणते तरी एक यंत्र उपाशी राही. तेही दर वेळी तेच नव्हे, जे उशिरा पोहोचे ते. यंत्र बदलून पाहावे, तार बदलून पाहावी, आज्ञावली पुन्हा घालून पाहावी. काही फरक पडत नसे. दोष कोठेच नव्हता. त्या आवृत्तीला एका वेळी दहापेक्षा अधिक यंत्रांना आपला साठा उघडू देण्याची मुभाच दिलेली नव्हती. विंडोज ७ पासून ही मर्यादा वीस झाली. म्हणजे कोडे सुटले नाही, केवळ एकविसाव्या यंत्रापर्यंत पुढे ढकलले गेले.

तारांचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. सिकंदराबादच्या पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटर हा संगणकाच्या सुट्या भागांचा जुना बाजार. लहान स्टुडिओ उभारणाऱ्याची अर्धी यंत्रणा अशाच बाजारातून, यंत्रागणिक घासाघीस करून, जमा होत असते आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु खर्च वाचविताना लोक नेमके तारेवर वाचवितात. जाळ्याच्या तारेत आठ पदर, म्हणजे चार जोड्या असतात. सेकंदाला १०० मेगाबिट वेगासाठी दोन जोड्या पुरतात. १००० मेगाबिटसाठी चारही लागतात. टोकाला चिमटा नीट बसला नाही आणि एक पदर सुटला, तर पुष्कळदा जोडणी तुटत नाही; ती मुकाट्याने दशांश वेगावर उतरते. दिवा लागलेलाच असतो, फाइली उघडत असतात, आणि तक्रार करण्यासारखे काही दिसत नाही. आता हिशेब पाहावा. वीस यंत्रांना प्रत्येकी २ गिगाबाइट सामग्री पोहोचवावयाची, तर एकूण ४० गिगाबाइट झाले. साठ्याची तार १००० मेगाबिटची असेल तर हे काम साडेपाच मिनिटांच्या आत होते. १०० मेगाबिटची झाली तर जवळजवळ तासभर लागतो, आणि तेवढा वेळ वीस यंत्रे हात बांधून उभी असतात. कित्येक स्टुडिओंनी अशा वेळी नवे संगणक विकत घेतले आहेत. नवी तार घेतली असती तरी भागले असते.

उन्हाळ्याचाही उल्लेख करावयास हवा. सिकंदराबादचा पारा मे महिन्यात चाळिशीपलीकडे जातो. बंद खोलीत एकत्र राबणारी यंत्रे तापतात, आणि आधुनिक प्रोसेसर अति तापला की जळण्याऐवजी आपला वेग स्वतःच कमी करतो. रात्री दोन तासांत होणारी फ्रेम दुपारी तीन तास घेऊ लागते. आज्ञावलीत दोष शोधणाऱ्याने अशा वेळी आधी खोलीतील हवा आणि पंख्यांवरील धूळ पाहावी.

दोष हुडकण्याची रीत कोणती, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. अनुभवी माणसे आरंभ दोनच यंत्रांपासून करतात. विटांची एक भिंत आणि एक दिवा, एवढेच दृश्य. ते दोन यंत्रांवर सारखे उमटले की तिसरे यंत्र जोडावयाचे. बिघाड झाल्यावर मात्र पहिला नियम असा की तीच एक फ्रेम प्रत्येक यंत्राकडून स्वतंत्रपणे काढून घ्यावी आणि ती सर्व चित्रे शेजारी शेजारी ठेवावी. निराळे दिसणारे चित्र आपल्या यंत्राचे नाव सांगते. सर्वच चुकली असतील तर दोष यंत्रांत नाही, सामग्रीत किंवा साठ्यात आहे. दुसरे असे की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. घाईत तार, आज्ञावली आणि परवानगी तिन्ही एकदम बदलली, तर बिघाड गेला तरी ज्ञान काहीच मिळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच बिघाड परत येतो. तिसरे, नोंदवही वाचावी आणि ती वरून वाचावी. शेवटची ओळ भयंकर असते, पण ती बहुधा परिणामाची असते. कारण त्याच्या बरेच वर, एखाद्या साध्या इशाऱ्यात दडलेले असते. एक यंत्र दुसऱ्याच्या हाकेला ओ देते, म्हणून जोडणी ठीक आहे असे मानणे हीदेखील नेहमीची चूक. हाक ऐकू येणे वेगळे आणि नेमके दार उघडे असणे वेगळे. संगणकाच्या सुरक्षाभिंतीला क्रमांक घातलेली दारे असतात. बॅकबर्नरचा मुकादम ३२३४ क्रमांकाच्या दाराशी बसतो, व्ही-रेचे मदतनीस २०२०४ क्रमांकाच्या. ते दार बंद असेल तर यंत्रे एकमेकांना दिसतात, पण बोलत नाहीत.

काही कामे मात्र कितीही यंत्रे जोडली तरी वाटता येत नाहीत, हे सांगितल्याविना विषय पुरा होणार नाही. जीन अम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच ही मर्यादा दाखवून दिली होती. दहा तासांच्या कामातील एक तासाचे काम वाटण्याजोगे नसेल, तर हजार यंत्रे लावूनही एका तासाच्या आत ते काम होणार नाही. पाण्याचे उदाहरण घ्यावे. पाण्याचे चित्र काढणे वाटता येते. परंतु पाणी कसे वाहील याचे गणित फ्रेमनिहाय वाटता येत नाही, कारण शंभराव्या फ्रेममधील थेंब कोठे असेल हे नव्याण्णवाव्या फ्रेममध्ये तो कोठे होता यावर ठरते. प्रत्येक यंत्राने हे गणित स्वतःपुरते नव्याने केले, तर प्रत्येकाचे थेंब निराळ्या जागी उडण्याचा धोका असतो आणि पडद्यावर पाणी थरथरताना दिसते. म्हणून पाणी, धूर, केस यांच्या हालचालीचा हिशेब आधी एकदाच करून तो डिस्कवर लिहून ठेवतात, आणि राबणाऱ्या यंत्रांना तयार हिशेब देतात. चौकोनांत वाटलेल्या स्थिर चित्रात हीच अडचण प्रकाशाच्या रूपाने येते. उडालेल्या प्रकाशाचा अंदाज प्रत्येकाने स्वतंत्र बांधला, तर शेजारच्या दोन चौकोनांच्या सीमेवर उजेडाची पुसट रेघ उमटते. तोही अंदाज आधी एकाने बांधून इतरांना द्यावा लागतो.

एवढी सावधगिरी कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पैशांत आहे. दृश्यपरिणामांचे काम बहुतांशी ठोक रकमेवर घेतले जाते. निर्मात्याने रक्कम ठरविलेली असते. दिग्दर्शकाने दृश्य चार वेळा बदलविले आणि स्टुडिओची एक रात्र सदोष फ्रेम काढण्यात गेली, तर दोन्हींचा भुर्दंड स्टुडिओलाच बसतो. ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकन संस्थेची मुंबई व हैदराबाद येथे शाखा होती. ‘लाइफ ऑफ पाय’ या २०१२ मधील चित्रपटातील वाघ व समुद्र यांसाठी या संस्थेच्या कलावंतांनी जे काम केले, त्यात हैदराबादच्या मंडळींचाही वाटा होता. १३ फेब्रुवारी २०१३ रोजी या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला आणि अकरा दिवसांनी, २४ फेब्रुवारीस, त्याच चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. सोहळ्याच्या सभागृहाबाहेर त्या वेळी दृश्यपरिणाम क्षेत्रातील कामगार निदर्शने करीत होते. व्यासपीठावर संस्थेच्या वतीने बिल वेस्टेनहोफर बोलू लागले, तेव्हा आर्थिक संकटाचा विषय येताच संगीत वाढवून त्यांचे भाषण आटोपते घेण्यात आले. ती संस्था सदोष फ्रेमांमुळे बुडाली असे मुळीच म्हणता येणार नाही. तिचे गणित धंद्याच्या रचनेनेच बिघडविले होते. परंतु ज्या धंद्यात जगातील सर्वोत्कृष्ट संस्थेलाही चुकीस जागा उरत नाही, तेथे हैदराबादच्या एखाद्या वीस माणसांच्या स्टुडिओला वाया गेलेली रात्र काय किमतीस पडत असेल, याची कल्पना यावरून यावी.

यंत्रे विकत घेण्याऐवजी तासाच्या भाड्याने घेण्याची सोय आता झाली आहे. दूर कोठेतरी असलेली शेकडो यंत्रे एका रात्रीपुरती मिळतात. त्याने पत्त्यांचा प्रश्न सुटत नाही, उलट तीव्र होतो. स्वतःच्या खोलीतील चूक सकाळी निस्तरता येते. भाड्याच्या यंत्रांवरील चुकीचे भाडे मात्र भरावेच लागते. याच्या उलट टोकाचे उदाहरण लाटव्हियातील गिंट्स झिल्बालोडिस यांच्या ‘फ्लो’ या २०२४ मधील चित्रपटाचे आहे. ब्लेंडर या विनामूल्य आज्ञावलीवर केलेल्या या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले आणि त्याचे अंतिम रेंडरिंग रेंडर फार्मविना, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या संगणकावर झाले. प्रकाशाचा हिशेब मुळातच हलका राहील अशी चित्रशैली त्यांनी पत्करली होती. एकेक फ्रेम काही सेकंदांत होई. काम कसे वाटावे याच्या आधी ते वाटण्याइतके वाढले का, हे पाहणारा कलावंत विरळाच. पण प्रत्येक चित्रपटाला ही शैली मानवणार नाही. पौराणिक राजधान्या आणि कोसळते प्रपात यांची हौस असलेल्या हैदराबादच्या पडद्याला तर नाहीच.

रात्रपाळीच्या माणसाचे सकाळचे शेवटचे काम फार साधे असते. तयार फ्रेमांचे फोल्डर उघडून तो फाइली नावाप्रमाणे नव्हे, तर आकाराप्रमाणे लावतो. एकाच दृश्याच्या फ्रेम वजनाने साधारण सारख्या असतात. यादीच्या तळाशी एकाएकी हलकी झालेली एखादी फाइल दिसली, की तीत विटा नसतात. शून्य आकाराची असली, तर ती लिहिता लिहिता यंत्राने दम तोडलेला असतो. त्या फ्रेमांचे क्रमांक तो कागदावर उतरवून घेतो, त्या कोणत्या यंत्राने काढल्या ते नोंदवहीत पाहतो, तेवढ्याच पुन्हा यादीत घालतो आणि कलावंत कामावर येण्यापूर्वी त्या पूर्ण होतील की नाही, याचा हिशेब करीत खुर्चीत बसून राहतो.